फरशीवर चढलेली नाव

४ सप्टेंबर

ताई,

आधी रागावून घे, मग वाच. गॅरेज सोडलं. तिथला मालक माणसाला पान्याच्या नंबराने हाक मारायचा. मी 'बारा नंबर' होतो. आता नदीवर लागलोय, होडी चालवायला. तुला वाटेल, आला एकदाचा बाबांचा पोरगा पाण्यावर. पण थांब, आधी हे पाणी कसलं ते ऐक.

इथे दोन नद्या आहेत. गावाच्या एका अंगाने एक जाते, दुसऱ्या अंगाने दुसरी, आणि गाव संपलं की खाली दोघी भेटतात. एकीला मोठी म्हणतात, एकीला धाकटी. मोठी किती मोठी, तर या काठावर कुणी शिंकलं की त्या काठावरचा तोंड पुसतो. वर बंधारा आहे, बंधाऱ्यावर पाणी सोडणारा एक माणूस आहे, तो जेवायला गेला की नदी थांबते. आणि गावातले लोक पुलावर थांबून तिच्याकडे असे बघतात, जसं काही घरातलं मूल पहिल्यांदाच चाललंय. आपली नदी बघितली तर हे लोक घाबरून घराला आतून कडी लावतील.

मालकाचं मूळ दुकान कापडाचं. पोहता येत नाही. होडीत पाय टाकण्याआधी विचारतो, मोजे काढू का. त्याच्या दोन होड्या आहेत. एक लांबलचक, सपाट बुडाची, दोन्ही बाजूंना लाल गाद्यांची बाकं. ती प्रवाशांची. दुसरं हलकं होडकं, ते माझ्याकडे दिलंय. त्याच्या डोक्यात असं आहे की मोठ्या नदीने वर जायचं, वरच्या अंगाला कुठूनतरी आडवं घुसून धाकटीत यायचं आणि धाकटीने खाली परत. गावाला अख्खी चक्कर. पण वर दोन्ही नद्यांना जोडणारी वाट आहे की नाही, हे या गावात जन्मलेल्या एकालाही ठाऊक नाही. ती शोधणं हे माझं काम. म्हणजे मी आता शोधक झालो. गटारांचा.

बाबांना तूच सांग. मी सांगितलं की ते अर्ध्यातच उठतात.

तुझा,
भोवरा

*

१५ सप्टेंबर

भोवरा,

उशी भिरकावू नकोस, ते नाव मी ठेवलेलं नाही. जो एका जागी टिकत नाही त्याला गावाने दुसरं काय म्हणायचं?

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. 'गॅरेज सोडलं' एवढं ऐकलं आणि म्हणाले, "पुढचं वाचू नकोस, मला पाठ आहे." भट्टी सोडलीस, हॉटेलातली भांडी सोडलीस, राखणदारी तर पहिल्याच रात्री झोपून सोडलीस. तरी मी पुढचं वाचलं. नदीपाशी आल्यावर ते हसले. म्हणजे मनापासून नाही, दुसरं हसू असतं ना, नाकातून येतं, ते.

आता नीट ऐक, कारण हे मी लाडाने लिहीत नाहीये. त्यांचा नावेवरचा जोडीदार आपल्या मुलाकडे राहायला गेल्यापासून आपली नाव काठावर उलटी पडून आहे. तुझे भावोजी रोज संध्याकाळी कामावरून आले की तिच्याभोवती फेरी मारतात. बाजारात भोपळा ठोकून बघतात तशा फळ्या ठोकतात. सुतार माणूस, त्याला नावेत नाव दिसत नाही, चार दारं आणि एक कपाट दिसतं. पाण्यात उतरायची भीती, पण लाकडावर जीव.

काल जेवताना बाबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. म्हणाले, "पोराने हे एक काम, कितीही फालतू असो, शेवटाला नेलं तर नाव त्याची. मधेच सोडून पळाला तर जावईबापूंनी करवत आणावी." भावोजींनी लगेच मान खाली घातली, पण घास पटापट गिळायला लागले.

तुला ती नाव हवी आहे हे मला माहीत आहे. दोन वेळा तू तिच्यातून पडला आहेस आणि दोन्ही वेळा घरी येऊन 'उडी मारली' असं सांगितलं आहेस. तेव्हा गटार तर गटार. शोध.

ताई

*

२ ऑक्टोबर

ताई,

भावोजींना सांग, त्या फळ्यांवर बोटं आपटू नका, सूज येईल.

होडक्यातून गाव बघतोय. तुला एक सांगतो, या लोकांनी आपली घरं नदीकडे पाठ करून बांधली आहेत आणि त्यांना वाटतं पाठीमागून कुणी बघतच नाही. मी बघतो. बँकेच्या मॅनेजरचं घर रस्त्यावरून बघितलं तर पायऱ्या अशा चकचकीत की चढायला लाज वाटावी. मागून बघ. सांडपाण्याचा नळ फुटलाय आणि त्याला जुनी विजार गुंडाळली आहे. शाळेचे हेडमास्तर मुलांना शिस्तीवर भाषण देतात म्हणे. दुपारी मागच्या पायरीवर बसून विडी ओढतात आणि थोटूक नदीत टाकतात, मग हात हुंगून बघतात. वर्तमानपत्रवाला न खपलेले अंक खिडकीतून पाण्यात सोडतो. गावातली सगळी बातमी अशी माझ्या वल्ह्याला येऊन चिकटते. आता हे लोक समोरून भेटले आणि मला 'ए पोऱ्या' म्हणाले की मला राग येत नाही. मी मनात ती विजार बघतो.

आता मुद्द्याचं. वाट सापडली.

वरच्या अंगाला एक ओढा आहे, मोठीतून निघतो आणि घरांच्या मागून धाकटीत जाऊन पडतो. झुडपं माजली होती, ती तोडली. एक मोडकं बाक आणि कुणाची तरी सायकल वर काढली. पाणी पुरेसं आहे. फक्त मधे एका ठिकाणी दातांच्या डॉक्टरने ओढ्यावर फरशी टाकून स्वतःच्या घरामागे अंगण करून घेतलंय. पाणी खालून नळकांड्यातून जातं. मांजर जाईल, होडी जाणार नाही. पण फरशी केवढी, तर आपल्या ओसरीपेक्षा थोडी लांब. होडी उचलायची आणि पलीकडे ठेवायची. डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी होता. मी होडकं एकट्यानेच ओढून नेलं, पलीकडे पाण्यात सोडलं आणि धाकटीने आरामात खाली आलो. चक्कर पूर्ण.

मालक धक्क्यावर वाट बघत होता. मोजे घालूनच.

"काय रे, लागते वाट?"

"लागते."

"नाव जाते पलीकडे?"

"जाते."

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. मला कसंसंच झालं. आता तो तिकिटं छापतोय. पहिल्या फेरीला गावातल्या सगळ्या मान्यवरांना बोलावणार. मान्यवर म्हणजे तेच, विजारवाले. ती फेरी मी न्यायची. ती झाली की काम शेवटाला गेलं, असं बाबांच्या कानावर घाल. मोठ्याने घाल.

भोवरा

*

१३ ऑक्टोबर

भोवरा,

घातलं कानावर. बाबांनी पहिल्यांदाच पूर्ण पत्र ऐकलं. हेडमास्तरांच्या विडीवर परत वाचायला लावलं.

ओसरीएवढी फरशी म्हणजे काहीच नाही. माझ्या लग्नाच्या दिवशी नाव वाळूत रुतली तेव्हा मी नव्या कपड्यांत उतरून कड धरली होती, अर्धी नदी चालत गेले होते. सासरची माणसं पण उतरली. नावेत बसायचं तर वाळू आली की उतरून खांदा द्यायचा, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. तुझे ते मान्यवर तेवढे तरी उचलतील.

बाबांचा एकच प्रश्न आहे. म्हणाले, "त्यांना कड कुठे धरायची ते दाखवलं का? नाहीतर शहाणे वल्ह्याला धरून उचलतील." मी म्हटलं, तिथे सगळे शिकलेले आहेत. म्हणाले, "म्हणूनच विचारतोय."

भावोजी दोन दिवस नावेकडे फिरकले नाहीत. काल मात्र परत गेले. तेव्हा सांभाळून.

ताई

*

३१ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र मी डॉक्टरच्या अंगणात बसून लिहितोय. नावेत बसून. नाव अंगणात आहे. हसू नकोस, किंवा हस, पण आधी नीट ऐक.

चारपाच दिवसांपूर्वी सकाळी मालकाने दुकानातल्या कात्रीने फीत कापली. फीतही दुकानातलीच, कापल्यावर गुंडाळून परत खिशात. मग मॅनेजर बसला, त्याची बायको बसली, हेडमास्तर, वर्तमानपत्रवाला, आणखी दोनचार पोटं. आणि शेवटी कोण आला असेल? दातांचा डॉक्टर. त्यालाही आमंत्रण. नाव कुठून जाणार हे त्याला माहीत नव्हतं आणि तो येणार हे मला माहीत नव्हतं.

मोठीने वर जाताना सगळे खूश. हेडमास्तर म्हणाले, "निसर्ग म्हणजे निसर्ग." सगळ्यांनी मान डोलावली, कुणी विचारलं नाही म्हणजे काय. ओढ्यात वळलो तेव्हा गप्प झाले, कारण आता आपापल्या घरांचे मागचे भाग दिसायला लागले. मॅनेजरच्या बायकोने विजार ओळखली. ती एकदम दुसऱ्या काठावरचं झाड बघायला लागली. डॉक्टर तर रुमाल काढून चष्मा पुसत बसला, पुसून झाला तरी घालेना.

अंगण आलं. मी उडी मारून नावेचं नाक फरशीवर ओढलं आणि म्हटलं, "चला, उतरा. कड धरा."

मालक म्हणाला, "कशाची कड?"

"नावेची. उचलायची, पलीकडे ठेवायची, परत बसायचं."

मॅनेजर मोठ्याने हसला. "पोरगा गमत्या आहे."

मी हसलो नाही, तेव्हा त्याचंही थांबलं. हेडमास्तर म्हणाले, "आम्ही प्रवासी आहोत, हमाल नव्हे."

मी म्हटलं, "आमच्याकडे प्रवासीच उचलतात. परक्या माणसाला कोण हात लावू देतो?"

खरं सांगतो ताई, तोपर्यंत मला वाटत होतं यांना कड दिसत नाहीये. बाबा म्हणाले तसं. मी एकेकाला दाखवायला लागलो, इथे धरा, इथे तुम्ही. मॅनेजरच्या बायकोने आपली नखं बघितली आणि हात मागे घेतले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यांना समजत नव्हतं असं नाही. यांना उचलायचं नव्हतं. असं कुणी करू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून तर मी मालकाला फरशीचं बोललो नाही. वाटेत खड्डा आहे हे आपण कुणाला सांगत बसतो का?

वर्तमानपत्रवाला म्हणाला, "डॉक्टर, हे अंगण तुमचंच ना? ओढ्यावर?"

"अंगण नाही," डॉक्टर म्हणाला, "तात्पुरती सोय आहे." तात्पुरत्या सोयीत आठदहा कुंड्या होत्या, एक लोखंडी बाक होतं आणि गाडी उभी होती.

मालक पांढराफटक. "तू म्हणालास नाव जाते."

"जातेच. माणसं जात नाहीत."

मग सगळे उतरले. मला क्षणभर वाटलं, आले. पण ते डॉक्टरच्या मागच्या दाराने घरात शिरले, जिथे दातदुखीवाले बसतात त्या खोलीतून पुढे निघाले आणि रस्त्याने आपापल्या घरी गेले. पुढच्या दाराने, चकचकीत पायऱ्यांवरून. ताई, नावेतून उतरून नाव तशीच टाकून गेले. मी असली माणसं बघितली नव्हती. विडी लपवतात, नळाला विजार बांधतात, तिथपर्यंत ठीक. पण हे म्हणजे फारच हलकं काम झालं.

मालक म्हणाला, "तुला काढलं. नाव मागे ढकल आणि आणून दे." मी म्हटलं, काढा, पण नाव मागे जाणार नाही, पुढेच जाईल. तो आता डॉक्टरच्या अंगणात यायला लाजतो आणि डॉक्टर त्याच्याशी बोलत नाही, कारण एक फरशी तडकली आहे. त्यामुळे नाव तिथेच आणि मी नावेत. ही मोठी नाव आहे, मला एकट्याला तसूभर हलत नाही. करून बघितलं. दातदुखीवाले आता आत न बसता नावेतच येऊन बसतात, गाद्या आहेत ना. या गावात मला तेवढेच लोक बरे वाटतात, तोंड उघडत नाहीत. त्यांना म्हटलं, उचला, तर गालावर हात ठेवतात.

बाबांना सांग, मी काम सोडलेलं नाही. ते अडकलंय. दोन्हींत फरक आहे. पण नसेल पटत तर जाऊ दे, आणा करवत.

भोवरा

*

८ नोव्हेंबर

भोवरा,

तुझं पत्र आलं तेव्हा भावोजी घरी होते. मी मोठ्याने वाचलं. खरं तर मी लपवणार होते, पण हातातून सुटलं आणि तोंडातून आलं असं झालं.

बाबा म्हणाले, ते उतरले तिथलं परत वाच. वाचलं.

"बसून राहिले का?"

"नाही, उतरून घरी गेले."

"उतरले आणि उचललं नाही?"

"नाही."

ताट सारलं आणि उठले. मला वाटलं आता तुझा उद्धार करतील. केला नाही. तुझं नावसुद्धा घेतलं नाही. काठावर जाऊन बसले. भावोजी मागून गेले, त्यांना वाटलं आता नाव आपली झाली, निदान मोजमाप तरी घेऊ.

सकाळी उठून बघते तर बाबांच्या पायात बूट. ते बूट त्यांनी माझ्या लग्नानंतर घातले नव्हते. भावोजींना म्हणाले, "चल."

भावोजी म्हणाले, "कुठे? पाण्यात?"

"नाही. फरशीवर."

आणि दोघे गेले. भावोजी का गेले हे मला अजून कळलेलं नाही. मी विचारणार होते, पण तोवर ते पिशवीत दोरखंड भरत होते. बाबांचा खांदा अजून शाबूत आहे, पण गुडघा नाही, तेव्हा त्यांना नाकाची बाजू दे, मागची देऊ नकोस. आणि त्यांच्यासमोर डोळे पुसत बसू नकोस. ते म्हणाले आहेत की ते तुझ्यासाठी येत नाहीयेत, नाव अशी कुणाच्या फरशीवर पडून राहणं त्यांना बघवत नाही. नाव त्यांची नाही, नदी त्यांची नाही, पण बघवत नाही.

हे पत्र त्यांच्या नंतर पोचेल. तरी लिहिलं.

ताई

*

१७ नोव्हेंबर

ताई,

ते आले तेव्हा मी नावेत एका सुजलेल्या गालाशेजारी बसलो होतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. आधी नाव बघितली, बुडाखाली हात घालून. मग ओढा बघितला. मग म्हणाले, "ही नदी?"

"नाही, हा ओढा. नदी तिकडे."

"ती याहून मोठी आहे?"

"थोडी."

ते थुंकले. पाण्यात नाही, कुंडीत.

भावोजींनी पहिल्यांदा फळीवर बोट आपटलं आणि म्हणाले, "हलकं लाकूड आहे. दारालाही चालणार नाही." मला एकदम त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटला.

आम्ही तिघांनी धरली. नाक उचललं, शेपूट हलेना. एक जण कमी पडत होता. डॉक्टर दारात येऊन उभा राहिला, हातात चिमटा. नाव जावी असं त्याला आमच्यापेक्षा जास्त वाटत होतं, पण उंबरठा सोडेना.

बाबा म्हणाले, "या इकडे. मागची कड."

"माझे हात नाजूक काम करतात," डॉक्टर म्हणाला.

"काय काम करता?"

"दात काढतो."

"उपटता?"

"हो, म्हणजे, काढतो."

"मग ओढायची सवय आहे. या."

बाबांच्या बोलण्यात असं काही असतं की माणूस पुढे होतो आणि मग स्वतःवर चिडतो. डॉक्टर तसाच आला, नाक उडवत. त्याच्या मागून एक दातदुखीवाला उठला. त्याचा दात नुकताच काढला होता, तोंडात कापूस. त्याने कुणाला न विचारता मधली कड धरली. त्याला कड कुठे असते हे कुणी दाखवलं नव्हतं. तो बाहेरगावाहून आलेला, भाड्याच्या खोल्यांत राहणारा मजूर आहे, असं डॉक्टरने नंतर नाक मुरडून सांगितलं. बाबांनी पुढे जाताना त्याच्या पाठीवर एकदा हात ठेवला. माझ्या पाठीवर ठेवलेला मला आठवत नाही.

नाव गेली पलीकडे. आणखी एक फरशी तडकली. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला, पण त्यानेच एक टोक उचललेलं असल्याने बोलणार कुणाला.

मग आम्ही धाकटीने खाली आलो. बाबा पुढे, मी मागे, भावोजी मधे बाकाला दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून. लाल गाद्या, कोरी तिकिटं बाकाखाली तशीच, आणि प्रवासी एक तोही आंधळा झालेला. बाबा वाटेत एकदाच बोलले. मी वल्हं उथळ टाकतो म्हणाले. काठावर काही लोक थांबून बघत होते. मॅनेजर पण होता पुलावर. त्याने हात हलवला. बाबांनी मला विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, "उतरून गेलेल्यातला." बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की हात खाली कसा घ्यायचा हे त्याला सुचेना.

धक्क्यावर मालक उभा होता. नाव बघून त्याला रडू यायचं बाकी होतं. म्हणाला, झालं गेलं विसरू, उद्यापासून ये, आपण डॉक्टरची फरशी कायदेशीर काढून टाकू, वर्तमानपत्रात येईल. मी म्हटलं, मोजे काढा आधी. नाव धुतली, गाद्या वाळत घातल्या, दोर बांधला, वल्ही त्याच्या दुकानात नेऊन ठेवली.

बाबा गाडीत बसताना म्हणाले, "उन्हाळ्यात आपल्या नावेला डांबर लावायचं आहे."

मी म्हटलं, "लावा की."

"दोघं लागतात."

"भावोजी आहेत."

"तो सुतार आहे," बाबा म्हणाले आणि खिडकी लावून घेतली. भावोजी शेजारीच बसले होते. त्यांनी आतून मला मान हलवून सांगितलं, ये म्हणून.

ताई, मी आता खोलीत बसलोय. पेटी भरली आहे, चपला घातल्या आहेत आणि निघता येत नाहीये. आजवर मी मधूनच निघालो. तेव्हा फक्त पाठ फिरवायची असते. काम संपल्यावर कसं निघतात हे मला कुणी शिकवलेलं नाही. मालकाला जाऊन सांगायचं असतं का? तो कापसाच्या तोंडाचा मजूर भेटला तर त्याला काही म्हणायचं असतं का? खोलीवालीला किल्ली देताना काय बोलतात? तू कळव. नाहीतर राहू दे, तोवर मी पोचेन.

भोवरा